बायोडिझेलची बॅच : काटा ६० वर, तरी दर वेळी निकाल वेगळा

धूमकेतू (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. वापरलेल्या तळणाच्या तेलापासून बायोडिझेल करायला लागून आता वर्ष होईल. आधी एकेक लिटरच्या बरण्यांत पुष्कळ खटपट केली, हात बसल्यावर शंभर लिटर तेलाची टाकी उभी केली. पण बरणीत जे हुकमी व्हायचं ते टाकीत होत नाही. माझा संशय तापमानावर आहे.

मांडणी सांगतो. उभी पोलादी टाकी, तळाला नरसाळ्यासारखा उतार. उतार संपतो तिथून थोडं वर, बाजूने आत घुसवलेला दोन किलोवॉटचा हीटर. पंप तळातून तेल ओढतो आणि वरून परत सोडतो. वर नुसतं ठेवलेलं झाकण. थर्मोस्टॅट काट्याचा, ६० अंशांवर लावलेला. तेल ६० ला पोचायला सव्वा तास लागतो. मग पंप सुरू करतो, वरून मेथॉक्साइड, म्हणजे मेथॅनॉलमध्ये विरघळवलेलं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), ओततो (२० लिटर मेथॅनॉल, केओएच टायट्रेशनप्रमाणे, म्हणजे तेलातलं आम्ल मोजून, सध्या लिटरला ९ ग्रॅम), तासभर फिरवतो आणि रात्रभर निवळू देतो.

आता गेल्या तीन बॅचचं ऐका. पहिली सुरेख झाली. २७ मिली मेथॅनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून पाहिलं (विक्रिया न झालेलं तेल विरघळत नाही, तळाशी बसतं), नळीच्या तळाशी काही नाही. दुसऱ्या वेळी तेल त्याच पिंपातलं, मापं तीच, तरी नळीत तेलाचा ठसठशीत थेंब बसला. तिसऱ्या वेळी धास्तीने थर्मोस्टॅट ६५ वर नेला आणि केओएच लिटरला एक ग्रॅम वाढवलं. पाण्याने धुताना सगळं दुधासारखं पांढरं झालं, ते तीन दिवस फुटून वेगळं झालं नाही.

पीआयडी कंट्रोलर (तापमान पाहून हीटरची वीज कमी-जास्त करणारा) बसवला तर हे सुटेल का? की चूक दुसरीकडेच आहे?

सायली_के

कंट्रोलरवर खर्च करण्याआधी थोडं विचारते. थर्मोस्टॅटचा बल्ब, म्हणजे तापमान जाणणारं टोक, नेमका कुठे आहे, तेलात की बाहेर? तेल तापत असताना पंप चालू असतो का? मेथॉक्साइड आत गेल्यावर हीटर चालूच राहतो का? आणि मेथॅनॉलचा वास येतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नाकाला वास येतोय म्हणजे वाफ टाकीबाहेर आहे, आणि ही वाफ विषारीही आहे आणि ज्वलनशीलही. मेथॅनॉलचा फ्लॅश पॉइंट ११-१२ अंशांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या हवेतही त्याची वाफ पेट घ्यायला तयारच असते. उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. खोलीत साध्या मोटरची ठिणगी पडत असेल तर पुढची बॅच आधी थांबवा, बाकी सगळं नंतर.

धूमकेतू

सायलीताई, उत्तरं क्रमाने. बल्ब बाहेर आहे, टाकीच्या पत्र्याला पट्टीने बांधलेला, हीटरच्याच पातळीवर. तापताना पंप बंद असतो, उगाच सील कशाला झिजवा म्हणून. हीटर थर्मोस्टॅटवर चालूच राहतो. आणि हो, ओतताना वास येतो, नंतरही मंद येत राहतो. टाकी शेडमध्ये आहे, तीन बाजू उघड्या. पंपाची मोटर फ्लेमप्रूफ आहे, पण हीटरचं कनेक्शन साधं आहे. ते बदलेपर्यंत काम बंद ठेवतो.

फिटरकाका

काम बंद ठेवलंत, बरं केलंत. आता रिकाम्या वेळात एक करा. टाकीत नुसतं तेल घ्या, मेथॅनॉल नाही. नेहमीसारखं पंप बंद ठेवून तापवा. काटा ६० वर येऊन हीटर आपोआप बंद झाला की वीज काढा आणि तारेला बांधलेला प्रोबचा थर्मामीटर वरून आत सोडा. पाऱ्याचा काचेचा नको, फुटला तर तेल गेलंच. वर, मध्ये आणि अगदी तळाच्या नळापाशी, तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं धरा आणि आकडे इथे लिहा.

मला काय दिसणार ते आधीच सांगून ठेवतो. हीटर आपल्या वरचं तेल तापवतो. गरम तेल वर जातं, त्याच्या जागी बाजूचं येतं आणि ते चक्र चालू राहतं. पण हीटरच्या खालचं तेल त्या चक्रात येतच नाही. तुमच्या उतारात जे तेल आहे ते थंडच पडून राहतं. अशी टाकी मी आयुष्यभर पाहिली आहे, वरून हात लावला तर चटका आणि तळाचा नळ कोमट.

धूमकेतू

काका, आत्ताच मोजून आलो. काटा ६०. वर ६८, मध्ये ६६, तळाला ३९.

दोनदा मोजलं, विश्वास बसत नव्हता. आणि मोजताना आठवलं की पहिल्या बॅचच्या वेळी तेल गाळायचं राहिलं होतं, म्हणून तापत असतानाच पंप लावून गाळणीतून फिरवत होतो. फरक तोच!

निवळशंख

मिळालं उत्तर. माझा रोजचा संबंध प्रयोगशाळेतल्या लहान रिअ‍ॅक्टरशी, पण हिशेब तोच लागू पडतो. सविस्तर लिहितो, कारण "६० अंश ठेवा" एवढंच सगळे सांगतात आणि त्या साठाचा अर्थ कोणी सांगत नाही.

आधी बल्बचं. पत्र्याला बाहेरून बांधलेला बल्ब पत्रा आणि हवा यांच्या मधलं काहीतरी मोजतो. तो मागे राहतो आणि कमी दाखवतो. म्हणून तो ६० म्हणेपर्यंत आतलं तेल ६६ च्या पुढे गेलेलं असतं. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि त्याची घनता ०.७९, म्हणजे तेलाहून बरंच हलकं. वरून ओतलेलं मेथॉक्साइड तरंगतं नेमकं सर्वांत गरम थरावर. तिथे किती उकळून जातं याचा हिशेब केला. उकळताना मेथॅनॉल तेलाची उष्णता खातं, त्यामुळे वरचा थर ६४.७ वर उतरेपर्यंत अर्ध्या लिटरहून कमीच उडेल. ऐकायला थोडं वाटतं, पण द्रवाचे ते चारशे मिली वाफ होऊन पावणेतीनशे लिटर होतात, तेही एका झटक्यात आणि तुमच्या तोंडासमोर.

खरी गळती मात्र पुढच्या तासात आहे. ५६ अंशांना शुद्ध मेथॅनॉलचा बाष्पदाब हवेच्या दाबाच्या सुमारे ७० टक्के असतो. झाकण नुसतं ठेवलेलं, खाली हीटर चालू, पंप फिरतोय, म्हणजे मेथॅनॉल संथपणे बाहेर चाललंय. शंभर लिटर तेलाला विक्रियेपुरतं मेथॅनॉल लागतं साधारण १३ लिटर (तेलाच्या एका रेणूला मेथॅनॉलचे तीन). तुम्ही २० घालता, म्हणजे प्रमाण ४.७ ला १. अभ्यासांत बहुतेक ६ ला १ धरतात, त्याला २५ लिटरच्या आसपास लागेल. ही विक्रिया उलटसुलट दोन्हीकडे चालणारी असल्यामुळे वरचे ते सातच लिटर तिला पुढे रेटत असतात. त्यातले दोन-तीन उडून गेले तर थेंब दिसणारच.

तिसऱ्या बॅचमध्ये तुम्ही उष्णता आणि केओएच दोन्ही वाढवलीत. केओएच तेलालाही खातं, आणि तापमानाबरोबर तो वेगही चढतो. तळणाच्या तेलात पाण्याचा अंश असला तर विचारायलाच नको. तुमचं ते पांढरं दूध म्हणजे साबण. न झालेली विक्रिया आणि झालेला साबण हे दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला वाढवतं.

आता साठाचं. १९८४ साली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध सोयाबीन तेलावर ६ ला १ प्रमाण आणि १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइड घेऊन ६०, ४५ आणि ३२ अंशांना विक्रिया करून पाहिली. पहिल्या सहा मिनिटांत रूपांतर अनुक्रमे ९४, ८७ आणि ६४ टक्के. तासाभराने ६० आणि ४५ सारखेच, आणि ३२ जेमतेम मागे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की ५२ आहे की ५६ यावरून बॅच पडत नाही. जागोजागी तापमान वेगळं असणं, मेथॅनॉल उडणं आणि नीट न घुसळणं यावरून पडते. त्यांचं तेल शुद्ध आणि घुसळण उत्तम होती, म्हणून ४५ वर या असं मी म्हणणार नाही. पण सगळीकडे एकसारखे ५५ हे वर ६८ आणि खाली ३९ पेक्षा कितीतरी बरे.

पारा

नियंत्रणाच्या बाजूने लिहितो, माझं पोट त्यावर आहे.

पीआयडी घेतला असतात तर त्याने हेच चुकीचं तापमान मोठ्या अचूकतेने सांभाळलं असतं. त्यामुळे आधी सेन्सर. पंपाच्या डिलिव्हरी लाइनमध्ये टी-जोड घालून थर्मोवेल (सेन्सरसाठी तेलात जाणारी बंद नळी) बसवा आणि आत पीटी-१०० सेन्सर घाला. थर्मोवेलमध्ये थोडं तेल किंवा हीट पेस्ट भरा, कोरडी पोकळी राहिली की सेन्सर पुन्हा मिनिटभर मागे पडतो. फिरत्या तेलाचं तापमान हेच टाकीचं तापमान, अर्थात पंप चालू असेल तरच. म्हणून पंप चालू नसेल तर हीटरला वीज मिळणार नाही असा इंटरलॉक घाला. ही एक वायर बाकी सगळ्या कंट्रोलरहून जास्त कामाची. साधा के-टाइप थर्मोकपलही चालतो, पण त्याची सर्वसाधारण चूक दोन अंशांच्या वर असते. पीटी-१०० क्लास बी ची ६० अंशांना सुमारे ०.६.

तुमच्या टाकीला गरम करता येतं, थंड करता येत नाही. वर गेलेलं तापमान खाली आणायला तुमच्या हातात काही नाही, वाट पाहायची. अशा ठिकाणी सेटपॉइंटच्या पुढे उडी गेली की ती महाग पडते. पीआयडी लावलाच तर इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीवरून वीज ठरवणारा भाग) अगदी कमी ठेवा. पाऊण तास चूक साठवत बसलेला इंटिग्रल ६० ला पोचल्यावरही हीटर सोडत नाही. खरं सांगायचं तर एवढ्या तेलाला साधा चालू-बंद कंट्रोलरही पुरतो. पंप चालू असला की दोन अंशांची पट्टी सहज मिळते.

आणि हीटर चालू-बंद करायला एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) वापरलात तर लक्षात ठेवा, तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा जुळलेल्या अवस्थेत बिघडतो. म्हणजे कंट्रोलर बंद म्हणतो आणि हीटर चालूच. त्यासाठी वेगळा सेन्सर, वेगळा कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा मोठा स्विच) आणि हाताने रीसेट करावा लागणारा हाय-लिमिट कटऑफ (तापमान फार चढलं की हीटर तोडणारा) हवाच.

फिटरकाका

पारा, सगळं मान्य, एक सोडून. मेथॅनॉल आत गेल्यावर टाकीत विजेचा हीटर चालू असणं मला पटत नाही, इंटरलॉक असो वा नसो. पातळी खाली गेली, पंपाने हवा ओढली, हीटरची कांडी उघडी पडली, की बाहेरून ५५ दाखवत असताना कांडीचा पत्रा काही शे अंशांवर जाईल. त्या जागेत त्या वेळी वाफ आणि हवा दोन्ही असतात.

मी एकदा एका ठिकाणी उभा होतो. पाणी घालवायला तेल ११० ला नेलं होतं. ते निवायला वेळ लागतो, पोरं घाईत. ८० च्या आसपास असताना मेथॉक्साइड सोडलं. झाकण उडून पत्र्यावर आदळलं आणि सगळी शेड वाफेने भरली. ठिणगी नव्हती म्हणून सगळे घरी गेले. त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे: तेल ६० च्या खाली आलेलं स्वतः मोजल्याशिवाय मेथॉक्साइडच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, आणि तो उघडण्याआधी हीटरचा प्लग उपटून हातात घ्यायचा. स्विच बंद करणं वेगळं आणि प्लग हातात असणं वेगळं.

पारा

काका, तुमचं खरं आहे, मी माघार घेतो. ज्यांना विक्रियेच्या वेळीही उष्णता द्यायचीच आहे त्यांनी टाकीत गरम पाण्याची कॉइल किंवा बाहेरून जॅकेट घ्यावं. पाणी दुसरीकडे तापवा, ६२-६३ च्या वर जाऊ देऊ नका. मग कंट्रोलर बिघडला, माणूस झोपला, पंप अडकला, काहीही झालं तरी तेल पाण्याहून जास्त तापू शकत नाही. मर्यादा उष्णतेच्या स्रोतातच घातलेली असते. मला ही मांडणी सर्वांत आवडते.

धूमकेतू

म्हणजे मेथॉक्साइड घालण्याआधी हीटर बंद, आणि पुढचा तास टाकी आपल्या साठलेल्या उष्णतेवर. पण मग तापमान किती उतरेल? थंड मेथॅनॉल गेल्यावर एकदम ४० वर तर नाही ना येणार?

निवळशंख

नाही, सोपा हिशेब आहे. १०० लिटर तेल म्हणजे ९२ किलो. तेलाची विशिष्ट उष्णता सुमारे २ किलोज्यूल, म्हणजे एका अंशाला १८४ किलोज्यूल. २० लिटर मेथॅनॉल १५.८ किलो, त्याची २.५, म्हणजे अंशाला सुमारे ४०. तेल ६० ला आणि मेथॅनॉल २५ ला असेल तर मिश्रण ५४ च्या जरासं खाली येतं. विक्रियेची स्वतःची उष्णता इतकी किरकोळ की ती धरूच नका. म्हणून एकसारख्या ६० ला तेल आणा, वीज काढा, मेथॉक्साइड सोडा, आपोआप ५४ मिळेल. पुढची घसरण तुमच्या इन्सुलेशनवर. ती आधी मोजून घ्या: नुसतं तेल, ६० अंश, पंप चालू, हीटर बंद, दर दहा मिनिटांनी आकडा. तासात पाच अंशांच्या आत राहिलं तर निर्धास्त.

केओएच मेथॅनॉलमध्ये विरघळताना डबा चांगला तापतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. तो बंद पण दाब सुटेल असा ठेवून निवू द्या. गरम मेथॉक्साइड गरम तेलात टाकून वर ५७ मिळवण्यात काही फायदा नाही, वाफ मात्र वाढते.

आणि उंचावर राहणाऱ्यांसाठी एक: समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर मेथॅनॉल ६० अंशांनाच उकळतं. तिथे तेल ५५-५६ वरच थांबवा.

सायली_के

दोन गोष्टी माझ्याकडून, कारण तापमानाचा विषय विक्रियेपाशी संपत नाही.

२७-३ ची चाचणी २०-२२ अंशांवर करायची असते. मेथॅनॉल आणि नमुना दोन्ही. गरम नमुना घातला तर न झालेलं तेलही विरघळून जातं आणि खराब बॅच पास होते. कडाक्याच्या थंडीत उलट, चांगल्या बॅचमध्येही गढूळपणा दिसतो. धूमकेतू, तुम्ही टाकीतून काढून लगेच करत होतात का?

दुसरं निवळण्याचं. विक्रियेत निघून तळाशी बसणारं ग्लिसरीन केओएच वापरलं तर पातळ राहतं. सोडियम हायड्रॉक्साइड वापरणाऱ्यांचं ३८ च्या खाली थिजायला लागतं आणि तळाचा व्हॉल्व्ह चोंदतो. त्यांनी पहिले काही तास टाकी उबदार ठेवावी.

धूमकेतू

हो ताई, लगेचच करत होतो. म्हणजे पहिली बॅच खरंच किती चांगली होती ते आता सांगता येणार नाही. राखलेला नमुना आहे, तो निववून परत तपासतो.

कोरा_कागद

मध्येच विचारतो, माफ करा. मेथॉक्साइड वरून ओतायचं नाही तर कुठून सोडायचं? माझीही टाकी अशीच आहे.

फिटरकाका

पंपाच्या सक्शनला. तळाचा नळ आणि पंप यांच्या मध्ये टी घाला, त्यावर बारीक नीडल व्हॉल्व्ह आणि त्याला मेथॉक्साइडच्या डब्याची नळी. डबा वर ठेवला की स्वतःच्या उताराने येतं, पंप ओढून घेतो आणि पंख्यातच तेलात घुसळलं जातं. तरंगायला वेळच मिळत नाही. २० लिटरला दहा-पंधरा मिनिटं लागू द्या. टाकी झाकणबंद करा, गॅसकेट लावा आणि वरून एक नळी कंडेन्सरमधून (वाफ निववून पुन्हा द्रव करणारा) बाहेर मोकळ्या हवेत काढा. ती नळी बंद करायची नाही, कोंडलेली टाकी म्हणजे दाब. जोड पितळ-जस्ताचे नकोत, अ‍ॅल्युमिनियम तर मुळीच नको, मेथॉक्साइड त्यांना खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. सगळं स्टेनलेस घ्या. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, आणि शेजारी पाण्याची बादली नव्हे तर वाहता नळ.

धूमकेतू

तीन आठवड्यांनी लिहितोय. हीटरचं कनेक्शन बदललं, थर्मोवेल डिलिव्हरी लाइनला बसवला, पंप-हीटर इंटरलॉक आणि वेगळा कटऑफ घातला. झाकणाला गॅसकेट आणि कंडेन्सर लावला. टाकीला दोन थर रॉकवूल आणि वर पत्रा, उतारालाही, तिथे आधी काहीच नव्हतं. नुसत्या तेलाची घसरण मोजली: तासात साडेतीन अंश.

मग बॅच. पंप पहिल्यापासून चालू. ६० आल्यावर प्रोब सोडून तिन्ही ठिकाणी पाहिलं: वर ६०, मध्ये ६०, तळाला ५९. काका, तुमची आठवण ठेवून प्लग उपटला आणि खिशात ठेवला. मेथॉक्साइड चौदा मिनिटं सोडलं, शेवटी आकडा ५४. निवळशंख, अगदी तुमचाच. तासाने ५१. वास नाही. कंडेन्सरखाली लावलेल्या बाटलीत जेमतेम चमचाभर मेथॅनॉल.

केओएच पुन्हा लिटरला ९ च ग्रॅम. नमुना पाण्याच्या भांड्यात ठेवून २१ वर आणला आणि मग चाचणी केली. नळी उजेडात धरून बराच वेळ पाहत बसलो, तळ स्वच्छ. धुताना पहिलं पाणी किंचित पांढरं, अर्ध्या तासात वेगळं. त्याच पिंपातल्या तेलाच्या आणखी दोन बॅच केल्या, दोन्ही तशाच.

पहिल्या बॅचचा राखलेला नमुनाही २१ वर तपासला. बारीकसा थेंब आहेच. म्हणजे ज्या बॅचला मी आदर्श मानून चाललो होतो ती पुरती झालीच नव्हती.

तिसऱ्या बॅचचं पांढरं दूध अजून एका पिंपात आहे. गरम करून मीठ घातल्यावर थोडं फुटलंय. ते पुन्हा विक्रियेला घ्यायचं तर आतलं पाणी घालवायला ११० वर न्यावं लागेल. साबण असताना ते फेसाळून वर येईल अशी भीती वाटते. कोणी केलं आहे का?

सायली_के

केलं आहे. त्यात पाणी आणि साबण दोन्ही आहेत, तेव्हा थेट ११० वर नेऊ नका, फेस टाकीबाहेर येतो. आधी एका लिटरवर करून पाहा. ६० वर आणून थोडं थोडं सौम्य आम्ल घाला, साबण मोडून फॅटी अ‍ॅसिड वर येतं आणि पाणी खाली बसतं. पाणी काढून टाकलं की मग सावकाश तापवा, टाकी अर्धीच भरलेली ठेवा. आणि पुन्हा टायट्रेशन केल्याशिवाय केओएचचं माप धरू नका, आकडा पुष्कळ चढलेला असेल. उद्या माझ्या वहीतली मापं बघून इथेच टाकते.